चाबी कोणाजवळ आहे?

भिवापूर तालुक्यातल्या एका गावात, माघ संपता संपता, मी संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. हे कुठल्याही गावात घडलं असतं. सभागृह नवं होतं. खाली फरशी, भिंतींना पिवळा रंग, दारावर आमदार निधीची पाटी आणि दाराला कुलूप. बाहेर अकरा माणसं उभी होती. त्यांत सात बाया, आणि त्यांतल्या चौघी थेट मिरचीच्या सातऱ्यावरून आलेल्या. सातऱ्यावर बसून दिवसभर वाळल्या मिरचीचे देठ तोडले की बोटं अशी पेटतात की पाण्यात बुडवली तरी विझत नाहीत. एकीनं हातांना खोबरेल चोळलं होतं आणि ती पदराचं टोक दोन मनगटांत धरून, बोट लागू न देता, डोळ्यांवरचा घाम टिपत होती. चाबी ज्यांच्याजवळ असते ते काकाजी बायकोला घेऊन नागपूरला मेडिकलला गेले होते. फोन लागेना. पंधरावीस मिनिटं सगळे थांबले. मग कोणीतरी म्हणालं, "चाला जी, आज नाही होत." आणि सगळे घरी गेले.

समोर मोकळं मैदान होतं. अकराही जणांना प्रार्थना तोंडपाठ होती. जिला भिंती लागत नाहीत, छप्पर लागत नाही, मूर्ती लागत नाही, अशी प्रार्थना त्या दिवशी एका चाबीपायी झाली नाही. मी स्वतः तिथं उभा होतो आणि "बसा न इथंच" असं मलाही म्हणता आलं नाही. पाहुणा होतो, हे माझं निमित्त. बाकी दहा जण तर पाहुणे नव्हते.

तेव्हापासून कुठल्याही गावात गेलो की विहार, प्रार्थना मंदिर, समाजभवन पाहून मी आधी विचारतो, चाबी कोणाजवळ आहे? उत्तर बहुतेक ठिकाणी एकच नाव असतं. आणि ते नाव घेताना लोकांच्या चेहऱ्यावर आदर असतो, सुटकाही असते.

आपल्या भागात धर्म पुरोहिताच्या हातून काढून माणसांच्या हाती देण्याचे जेवढे मोठे प्रयोग झाले, तेवढे देशात फार थोड्या ठिकाणी झाले असतील. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि तिथून श्रीगुरुदेव सेवा मंडळाचं जाळं विदर्भभर पसरलं. मध्ये एक रिकामं आसन, त्याला अधिष्ठान म्हणायचं, आणि त्याच्याभोवती गावानं ओळीत बसायचं. जात विचारायची नाही, दक्षिणा मागायची नाही. प्रार्थना चालवणारा माणूस गावातलाच, शेतकरी, शिक्षक, सुतार. त्याला नाव दिलं सेवाधिकारी. या शब्दाकडे मी नेहमी कौतुकानं पाहतो, कारण त्यात आधी सेवा येते आणि मग अधिकार.

दुसरा प्रयोग त्याहून धाडसाचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर, कुशीनाराचे भदंत चंद्रमणी महास्थवीर यांनी बाबासाहेब आंबेडकर आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं. इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. पण नंतर समोर बसलेल्या लाखो लोकांना दीक्षा कोणी दिली? बाबासाहेबांनी स्वतः. चीवर न घेतलेल्या, संसारी माणसानं, बावीस प्रतिज्ञांसह. धर्मांतराचं वर्णन करताना आपण गर्दीचा आकडा सांगतो, प्रतिज्ञा सांगतो, पण एक उपासक लाखो उपासक घडवतो आहे ही गोष्ट तेवढ्या ठळकपणे सांगत नाही. त्या सोहळ्याची नागपुरातली सगळी जुळवाजुळव करणारे वामनराव गोडबोलेही भिक्खू नव्हते.

बाबासाहेबांनी हे त्या दिवशी अचानक केलं असंही नाही. १९५४ मध्ये ब्रह्मदेशातल्या बुद्धशासन परिषदेपुढे त्यांनी भारतातल्या बौद्ध चळवळीविषयी एक निवेदन ठेवलं होतं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी माणूस चकित होतो. सामान्य उपासकासाठी दीक्षेचा विधी हवा, कारण नुसतं बुद्धाला मानणं पुरत नाही. गावोगाव फिरणारे उपासक-प्रचारक हवेत, ते संसारी असले तरी चालतील, पण त्यांना पगार हवा. त्यांना तयार करणारी पाठशाळा हवी. लोकांनी दर रविवारी विहारात एकत्र जमावं आणि तिथं प्रवचन व्हावं. म्हणजे माणूस, त्याची तयारी, त्याचं पोट आणि त्याची सभा, या चारही गोष्टींचा हिशेब त्यात आहे. नागपुरात १५ ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या म्हणून सांगितलं, ते याच हिशेबातलं होतं. ६ डिसेंबरला ते गेले. मैदान, पुतळे आणि विहार यांचं काम पुढे गेलं. पाठशाळेचं काम ज्या वेगानं व्हायला हवं होतं त्या वेगानं झालं नाही.

झालंच नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. भारतीय बौद्ध महासभेची बौद्धाचार्यांची परंपरा आहे. श्रामणेर शिबिरात डोकं भादरून दहा दिवस राहिलेला, मग घरी येऊन पुन्हा कारखान्यात किंवा तहसील कचेरीत जाणारा बौद्धाचार्य मंगल परिणय लावतो, नामकरण करतो, पुण्यानुमोदन करतो. नागपुरात कामठी रोडवरच्या नागलोकात नागार्जुन प्रशिक्षण संस्था २००२ पासून देशभरातल्या तरुणांना निवासी शिक्षण देते आहे. गुरुदेव सेवा मंडळाची उन्हाळी सुसंस्कार शिबिरं आहेत, ग्रामगीतेवरच्या परीक्षा आहेत. घडवण्याची सोय आहे. अडचण पुढची आहे. घडून गावात आल्यावर त्या माणसाचं काय होतं?

आता एक अप्रिय गोष्ट बोलायला हवी. ज्या धर्मात भीती नाही, त्याला माणसं जमवणं फार जड जातं. नवसाच्या देवाला कार्यकर्ता लागत नाही. साडेसातीला संघटक लागत नाही. मूल आजारी पडलं, बोअरला पाणी लागेना, पोराचं लग्न जमेना, की माणूस आपल्या पायानं तिथं जातो, रांगेत उभा राहतो आणि खिशातले पैसे टाकून येतो. उदार धर्म हे सगळं आमिष स्वतःहून बाजूला ठेवतो. तो म्हणतो, विचार कर, प्रश्न विचार, पटलं तर घे. चमत्कार नाही, कोप नाही, प्रसादानं दुखणं बरं होईल असं आश्वासन नाही. मग संध्याकाळी सात वाजता, सातऱ्यावरून दमून आलेल्या बाईनं सतरंजीवर येऊन का बसावं? एकाच कारणासाठी: तिथं दुसरं कोणी तिची वाट पाहत असेल तर. उदार धर्माजवळ माणसांना आणायला माणसांशिवाय काहीच नसतं. म्हणून त्यानं माणसांकडे दुर्लक्ष केलं की तो इतर धर्मांपेक्षा लवकर आटतो.

प्रार्थना समाजाचं उदाहरण घ्या. १८६७ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा समाज म्हणजे मराठी मुलखातलं उदार धर्माचं पहिलं संघटित घर. रविवारची उपासना चालवायला पुरोहित नव्हता. न्यायमूर्ती रानडे आठवडाभर न्यायदान करून व्यासपीठावर उभे राहत, डॉ. भांडारकर संस्कृतचं अध्यापन करून. या दोघांची धर्मपर व्याख्यानं आजही वाचण्याजोगी आहेत. पण रानडे-भांडारकर ऐकलेल्या श्रोत्याची छाती पुढच्या रविवारी स्वतः उभं राहण्याची कशी होणार? व्यासपीठ इतकं उंच झालं की त्याच्यावर चढायला माणूस मिळेना. विठ्ठल रामजी शिंदे यांनी हे बरोबर हेरलं होतं. युनिटेरियन या उदार ख्रिस्ती पंथाच्या शिष्यवृत्तीवर १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकून, परत येताना अ‍ॅमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचून, ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि त्यांनी सुरू काय केलं? तरुणांचा संघ. वाचनाचा वर्ग. आणि टपालानं धर्मविषयक पुस्तकं पाठवणारं पोस्टल मिशन, म्हणजे जिथं समाजाचं मंदिर नाही तिथं एकटा बसलेला माणूसही वाचता-बोलता व्हावा. १९१० मध्ये ते प्रचारकपदावरून मोकळे झाले. माणूस गेला आणि त्याच्या भोवतीचं काम ओसरलं. आपल्याकडचा हा नेहमीचाच क्रम.

अमेरिकेतल्या युनिटेरियनांनी १९४८ पासून नेमकी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. दहा माणसं जमली की मंडळ स्थापन करा, पगारी धर्मोपदेशकाची वाट पाहू नका, पुस्तकं आणि छापील प्रवचनं आम्ही धाडतो. शेकडो मंडळं उभी राहिली. काही मोठी झाली, काही संस्थापकाच्या दिवाणखान्यातच राहिली. आपल्या देशात मेघालयाच्या डोंगरात हाजोम किसोर सिंग यांनी १८८७ मध्ये जोवाईला सुरू केलेला खासी युनिटेरियन पंथ तर बहुतांशी गावकऱ्यांच्या बिनपगारी श्रमावरच उभा राहिला आणि आजही आहे. तेव्हा हे होत नाही असं नाही. मात्र ते टिकवायचं तर चांगुलपणाच्या जोडीला काही रीत लागते.

भला माणूस ही मंडळाची सगळ्यात मोठी ताकद आणि सगळ्यात मोठा धोका. कुठल्याही प्रार्थना मंडळात असा एक असतोच. तोच झाडतो, तोच सतरंजी घालतो, तोच ध्वनिक्षेपक दुरुस्त करतो, तोच पावती फाडतो, तोच भजन उचलतो, पुण्यतिथीला आचारी तोच सांगतो. सगळे त्याला "आमचे भाऊ आहेत म्हणून चालू आहे" म्हणतात. या वाक्यात कौतुक आहे आणि त्याच वाक्यात आपण हात झटकलेले आहेत. मी हे अंगानं भोगलं आहे. एका प्रार्थना मंडळाचा मी अडीच वर्षं चिटणीस होतो. सगळं मी करायचो आणि मला त्याचा छुपा अभिमान होता. कोणी म्हणालं, "गुरुजी, आज मी वाचतो," तर मी म्हणायचो, "राहू द्या, तुमचे उच्चार." असं दोनदा म्हणालो असेन, तीनदा. नंतर कोणी विचारलं नाही. बदली झाली तेव्हा निरोपाचा नारळ, शाल, सगळं मिळालं. सहा महिन्यांनी कळलं, प्रार्थना बंद पडली. माझ्या मागं कोणी उभं राहिलं नाही अशी तक्रार मी बरेच दिवस करत होतो. मी कोणाला उभं राहू दिलं होतं, हा प्रश्न फार उशिरा सुचला.

म्हणून साधनं हवीत, अनुदान हवं, साहित्य हवं, तज्ज्ञ हवेत, असं कोणी म्हटलं की मला आधी गावात काय आहे ते पाहावंसं वाटतं. कारण गावाला माणसं घडवण्याची, काम वाटून घेण्याची आणि जबाबदारी पुढे देण्याची रीत माहीत नाही असं मुळीच नाही. ती दुसऱ्या कामांत वापरली जाते, एवढंच.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, रात्रंदिवस, कोणाच्या तरी गळ्यात ती असतेच. त्यासाठी पहारे लावतात. कागदावर नावं लिहिलेली असतात, पहाटे दोन ते चार अमका, चार ते सहा तमका. पहाऱ्याचा माणूस आला नाही तर आधीचा उभाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी गावभर त्याची चर्चा होते. वीणा घेणारा गवई असावा लागत नाही. तो विद्वान नसतो, कधी कधी सुरातही नसतो. त्याच्याकडे काम एवढंच, की दोन तास ती धरायची आणि पुढच्याच्या गळ्यात घालायची. वारकऱ्यांनी ही सोय केली तेव्हा त्यांना ठाऊक होतं, की एकाच्याच गळ्यात सात दिवस वीणा दिली तर तो माणूस मरेल किंवा वीणा त्याची होईल. आमच्या प्रार्थना मंदिरांत नेमकं हेच चाललं आहे. वीस-वीस वर्षं वीणा एकाच गळ्यात. पहाऱ्याचा कागदच नाही.

भिवापूरहून नागभीडकडे सरकलं की झाडीपट्टी लागते. दिवाळी झाली, धान घरात आलं, शंकरपट भरला की रात्रभर नाटक. पूर्वी नाटक गावचीच पोरं बसवायची. महिना महिना तालीम चालायची, शाळेच्या वऱ्हांड्यात कंदिलावर. ज्याला धड वाचता येत नसे, त्याला दुसरा वाचून दाखवायचा आणि तो ऐकून ऐकून पाठ करायचा. चुकला तर सगळे हसायचे, पण त्याला उद्या येऊ नको असं कोणी म्हणायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चुकायला मुभा असलेली जागा म्हणजे तालीम. प्रार्थनेला तालीम नाही. तिथं पहिल्याच दिवशी, सगळ्या गावापुढं, नीट वाचावं लागतं. मग तरुण पोरगा कसा वाचेल? अलीकडे वडशाच्या कंपन्या येतात, व्यावसायिक नट असतात, नाटक देखणं होतं, आणि गावचा पोरगा तिकीट काढून समोर बसतो. धर्मातही हेच चाललं आहे. मोठ्या मंडपात, मोठ्या बिदागीचा कथाकार, पडद्यावर त्याचा चेहरा. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचा तो धंदा आहे. पण सात दिवस कथा ऐकून आठव्या दिवशी गावात कोणाला काय करता येऊ लागलं, हे मला कोणीतरी सांगावं.

हिशेबाचं तर विचारूच नका. ज्या गावात मंडळाची वर्गणी वहीत चढत नाही, त्याच गावात बचत गटाच्या बाया दर महिन्याला गोल बसून रजिस्टर उघडतात, कोणी किती भरले, कोणाचं कर्ज किती, व्याज किती, मोठ्यानं वाचतात आणि ज्यांना सही येत नाही त्या अंगठा उठवतात. अध्यक्षीणबाई बदलतात. त्याच बाया विहारात पांढऱ्या पातळात वंदनेला बसतात, वर्षावासात तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज ऐकतात, पण विहार समितीच्या बैठकीला त्यांना बोलावणं नसतं. प्रार्थनेतही तसंच, बसणाऱ्यांत बाया जास्त आणि चाबी पुरुषाजवळ. विदर्भातली उदार धर्माची चळवळ बायांच्या उपस्थितीवर जगते आहे. त्यांच्या अधिकारावर जगू लागली तर तिचं वय आणखी पन्नास वर्षांनी वाढेल, असं माझं ठाम मत आहे.

बायांविषयी बोलतो आहे तर एका घरची गोष्ट सांगतोच, कारण सेवा हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. कापसाचं वर्ष बुडालं होतं. घरातल्या कर्त्या माणसानं फवारणीचं औषध घेतलं. दुसऱ्या दिवशी गर्दी झाली. विधी चालवायला आलेला माणूस शिकलेला होता, त्याचे उच्चार स्वच्छ होते, त्यानं सगळं रीतसर केलं. वीस मिनिटांत तो निघाला, पुढे आणखी एक कार्यक्रम होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं केलं. विधवा भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याशी काय बोलावं हे जमलेल्या शंभर माणसांपैकी कोणालाच कळत नव्हतं. तेव्हा शेजारची एक म्हातारी उठली. तिनं आधी चूल पेटवली. पोरांना खाऊ घातलं. मग मोठ्या पोराला जवळ घेऊन विचारलं, सातबारा कुठं आहे, बँकेचं पुस्तक कुठं आहे, पोलीस पाटलानं पंचनाम्यावर काय लिहिलं. एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी कोणते कागद लागतात हे तिला ठाऊक होतं, कारण तिच्या स्वतःच्या भावाच्या घरी ते झालं होतं. सगळे कागद तिनं एका पिशवीत घातले आणि पिशवी खुंटीला टांगली. रात्री ती तिथंच झोपली. नंतरचे तेरा दिवसही.

माझ्या दृष्टीनं त्या घरची धर्मसेवा त्या म्हातारीनं केली. तिला कोणी सेवाधिकारी म्हणत नाही, बौद्धाचार्य म्हणत नाही, आणि शिबिरात तिला कोणी बोलावलं नाही. शिबिराच्या वेळापत्रकात गाथा असतात, विधी असतात, भाषणकला असते. दुखवट्याच्या घरी गप्प कसं बसावं, दारू सोडू पाहणाऱ्या पोराच्या मागं महिनाभर कसं लागावं, दवाखान्यात सोबत जाताना काय न्यावं, सासू-सुनेच्या भांडणात कोणाचीही बाजू न घेता कसं ऐकावं, याचा तास असतो का? एखाद्या शिबिरात अशा चार म्हाताऱ्या शिक्षक म्हणून बसवून पाहा. मानधन द्या. फलकावर नावं लिहा.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा, की पूर्ण वेळ दिलेला माणूस नसेल तर धर्म पातळ होतो. संसारी माणूस पंचायतीच्या निवडणुकीत, पोरीच्या लग्नात, कर्जाच्या हप्त्यात अडकतो, त्याचं वाचन होत नाही, ध्यान होत नाही. भिक्खू हवा, आजीवन प्रचारक हवा. हो, हवा. बाबासाहेबांनीही भिक्खू नाकारला नव्हता. तो समाजाचा सेवक असावा एवढीच त्यांची अट होती. त्रिरत्न बौद्ध महासंघातल्या धम्मचारींनी तर मधली वाट काढली, दीक्षा पूर्ण आणि घरदारही आहे. पुढे त्या परंपरेचे संस्थापक झालेले संघरक्षित ६ डिसेंबर १९५६ ला योगायोगानं नागपुरात होते. बाबासाहेब गेल्याची बातमी आली आणि पुढचे काही दिवस ते वस्त्यावस्त्यांत जाऊन शोकानं सुन्न झालेल्या नव्या बौद्धांशी बोलत राहिले. असा एक माणूस शंभर गावांना धीर देऊ शकतो. पण शंभर गावांत रोज संध्याकाळी दिवा लावू शकत नाही. भंतेजी पौर्णिमेला येतात. मधल्या एकोणतीस दिवसांचं काय? पूर्ण वेळेच्या माणसाचं मुख्य काम अर्धवेळेच्या दहा माणसांना तयार करणं हे असायला हवं. तो स्वतःच सगळीकडे धावू लागला तर तोही शेवटी चाबीवालाच.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. काम करणारा माणूस गावात ओळखीचा होतो, ओळखीचा माणूस पक्षाला लागतो, आणि प्रार्थनेची सतरंजी प्रचाराची सतरंजी होते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की नाकारणार नाही. उपाय मात्र सोपा आहे, पहाऱ्याचा. तीन वर्षं पद, मग दुसरा. निवडणुकीला उभं राहायचं तर आधी चाबी ठेवून जायचं. मंडळाचा हिशेब वर्षातून एकदा, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, मौन श्रद्धांजलीसाठी सगळं गाव जमलेलं असताना, मोठ्यानं वाचायचा. ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन पाळायच्या आधी पाच मिनिटं जमाखर्च. मौन जास्त शांत होईल.

सभागृहांना माझा विरोध नाही. पावसाळ्यात छप्पर लागतं. पण भिवापुरी मिरचीचं उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, आणि तरीही तिचं क्षेत्र घटत गेलं. संकरित वाणाचं उत्पन्न जास्त, बाजार सोपा. जी काही खरी भिवापुरी उरली ती घरच्या मिरचीतून निवडून, उन्हात वाळवून, बी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांमुळे. प्रमाणपत्रावर मिरची उगवत नाही. सभागृहाच्या पायाभरणीला लागणाऱ्या खर्चाचा एक लहानसा तुकडा जरी दरवर्षी गावातल्या चार माणसांच्या शिबिराच्या भाड्यावर, चार पुस्तकांवर आणि बुडालेल्या मजुरीवर खर्च केला तर बी राहील. बुडालेल्या मजुरीवर मी मुद्दाम जोर देतो. सातऱ्यावरच्या बाईला दहा दिवस शिबिराला बोलावणं म्हणजे दहा दिवसांची रोजी सोड म्हणणं आहे. ती येत नाही आणि मग आपण म्हणतो, बायांना रस नाही.

आणखी एक, लहान वाटेल पण लहान नाही. पदावरून उतरण्याची रीत हवी. आमच्याकडे माणूस पद सोडतो तो भांडून, आजारी पडून किंवा मरून. सन्मानानं, काम नीट समजावून देऊन, वही आणि चाबी सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या हाती ठेवून उतरणारा मी फार क्वचित पाहिला. सप्ताहात वीणा गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. देणारा मोठा की घेणारा, हे तिथं कोणी विचारत नाही.

त्या गावी मी यंदा पुन्हा गेलो. काकाजींच्या बायकोचं दुखणं लांबलं आहे, ते आठवड्यातले तीन दिवस नागपुरातच असतात. त्यांनी चाबी कोणा एकाला दिली नाही. ती आता चौकातल्या किराणा दुकानात, तराजूमागच्या खिळ्याला टांगलेली असते, आणि शेजारी पुठ्ठ्यावर सात वारांपुढं सात नावं आहेत. मी गेलो तो बुधवार होता. बुधवारपुढं सातऱ्यावरच्या त्या बाईचं नाव होतं. तिनं वाचलं, दोन ठिकाणी अडखळली, आणि कोणी तिला थांबवलं नाही.